नुकसानभरपाईच्या दाव्यात मालकाकडची कागदपत्रं आयुक्तांमार्फत कशी मागवायची? (पुणे कामगार न्यायालय)

भोसरीकर
चाकण भागात गोदामाच्या छतावर पत्रे बसवताना पडून ३० वर्षांच्या एका कामगाराचा फेब्रुवारी २०२५ मध्ये मृत्यू झाला. पत्नी आणि आई अर्जदार आहेत. जाबदार (प्रतिवादी) १ पत्र्याचं काम घेतलेला पोटठेकेदार, जाबदार २ मुख्य ठेकेदार, जाबदार ३ विमा कंपनी.

जाबदार १ ची कैफियत (लेखी उत्तर): मयत त्याच दिवशी पहिल्यांदा कामावर आला, रोज ३०० रुपये, म्हणजे महिना ९,००० धरा. जाबदार २ म्हणतो, आमच्या हजेरीपटावर हे नावच नाही. घरच्यांचं म्हणणं, माणूस सात-आठ महिने त्याच टोळीत होता आणि महिन्याला १७-१८ हजार मिळत होते. थोडे रोख, थोडे मुकादमाच्या फोनवरून यूपीआयने.

अर्जदारांतर्फे 'जाबदारांनी कामाशी संबंधित सर्व कागदपत्रे हजर करावीत' असा अर्ज दिला होता, तो मोघम आहे म्हणून फेटाळला गेला. आता नव्याने अर्ज द्यायचा तर कोणत्या तरतुदीखाली द्यायचा, नेमकं काय मागायचं, आणि आदेश होऊनही कागद आले नाहीत तर पुढे काय? जाणकारांनी सविस्तर लिहावं, संघटनेतल्या बाकीच्यांनाही उपयोग होईल.

निशाणी
आधी तरतूद, कारण बरेच अर्ज इथेच घसरतात.

कर्मचारी नुकसानभरपाई अधिनियम १९२३, कलम २३. शपथेवर पुरावा घेणं, साक्षीदारांना हजर राहायला लावणं आणि दस्तऐवज व वस्तू हजर करायला लावणं, या तीन कामांसाठी आयुक्तांना (म्हणजे इथे कामगार न्यायालयाला) दिवाणी न्यायालयाचे सगळे अधिकार आहेत. अर्जाचं मूळ इथे ठेवा.

बहुतेक जण सवयीने दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ११ खाली अर्ज देतात (नियम १२ आणि १४). मग समोरचे वकील याच अधिनियमाखालच्या १९२४ च्या नियमांतला नियम ४१ दाखवतात. संहितेतल्या कोणत्या तरतुदी आयुक्तांपुढच्या कामाला लागू होतात ते त्या नियमात मोजून दिलंय: आदेश ५ चे काही नियम, आदेश ९, आदेश १३ चे नियम ३ ते १०, आदेश १६ चे नियम २ ते २१, आदेश १७, आदेश २३ चे नियम १ व २. आदेश ११ त्यात नाही. 'कलम २३ मधले अधिकार व्यापक आहेत, म्हणून आदेश ११ सुद्धा वापरता येतो' असा युक्तिवाद करता येतो आणि तो चुकीचाही नाही. पण जो वाद टाळता येतो तो कशाला ओढवून घ्यायचा? जे हवंय ते आदेश १६ मध्येच आहे.

आदेश १६ नियम ६: साक्ष द्यायला न बोलावता फक्त दस्तऐवज हजर करण्यासाठी कोणालाही समन्स काढता येतं. त्याने स्वतः न येता माणसाकरवी कागद पाठवला तरी चालतं.

नियम २१: साक्षीदारांचे नियम पक्षकाराला समन्स काढलं तर त्यालाही लागू. म्हणजे जाबदारांकडूनही कागद याच वाटेने मागता येतात.

नियम २०: न्यायालयात हजर असलेल्या पक्षकाराने त्या वेळी त्याच्या ताब्यात किंवा अखत्यारीत असलेला कागद, मागितल्यावर, कायदेशीर कारणाशिवाय द्यायला नकार दिला, तर त्याच्याविरुद्ध निर्णय देता येतो किंवा योग्य तो आदेश करता येतो. आदेश ११ नियम २१ मध्ये बचाव काढून टाकण्याची जी ताकद आहे तिच्या जवळपास जाणारी हीच तरतूद, आणि ती नियम ४१ च्या यादीत बसते. अर्जात हिचा उल्लेख क्वचितच दिसतो, तो जरूर करा.

नियम ४१ च्या परंतुकात आणखी एक सोय आहे. पक्षकारांच्या हिताला बाध येत नसेल तर पुरेशा कारणासाठी आयुक्त या तरतुदींपेक्षा वेगळ्या रीतीनेही काम चालवू शकतात. 'प्रक्रियेत बसत नाही' या आक्षेपाला हे उत्तर.

मोघम म्हणून फेटाळलेला अर्ज नेमका करून पुन्हा देता येतो. आधीचा अर्ज, त्याचा निशाणी क्रमांक (न्यायालयाने कागदाला दिलेला क्रमांक) आणि तो का फेटाळला गेला हे नव्या अर्जाच्या पहिल्याच परिच्छेदात लिहा. समोरच्याने ते दाखवून देण्यापेक्षा आपण सांगितलेलं बरं.

रेवा_औंध
एक मूलभूत शंका. २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली ना? मग १९२३ चा कायदा कसा चालेल?

निशाणी
भरपाईचा हक्क अपघाताच्या तारखेला जन्मतो. प्रताप नारायण सिंग देव (१९७५) पासून सर्वोच्च न्यायालयाची हीच भूमिका आहे आणि केरळ राज्य विद्युत मंडळ विरुद्ध वलसला (१९९९) मध्ये रकमेबाबतही तेच सांगितलं. फेब्रुवारी २०२५ चा अपघात, म्हणून हिशोब १९२३ च्या कायद्याप्रमाणे. सामाजिक सुरक्षा संहितेखालच्या नव्या प्रकरणांतही सक्षम प्राधिकाऱ्याला कागद हजर करायला लावण्याचे अधिकार दिलेच आहेत, त्यामुळे इथली चर्चा तिकडेही कामाची आहे. फक्त कलमांचे क्रमांक संहितेतून घ्या.

टाइमऑफिस
काय मागायचं त्याबद्दल.

हजेरीपट आणि पगारपत्रक मागाच, पण त्यावर विसंबू नका. पोटठेकेदाराचा हजेरीपट बऱ्याचदा महिन्याच्या शेवटी एका बैठकीत, एकाच पेनाने भरला जातो. अपघातानंतर तो नव्याने लिहिणंही अवघड नाही. बांधकामाच्या साइटवर खरे कागद ते, जे रोजच्या रोज आणि दुसऱ्याच कारणासाठी तयार होतात. त्यात फेरफार करायचं कोणाच्या डोक्यातच येत नाही.

पहिला, टूलबॉक्स टॉकचा कागद. रोज सकाळी काम सुरू होण्याआधी सुरक्षा अधिकारी किंवा सुपरवायझर टोळीला पाच-दहा मिनिटं सूचना देतो. वर तारीख, जागा, विषय ('उंचीवरील काम', 'पत्रा हाताळणी'), ठेकेदाराचं नाव. खाली अनुक्रमांक, कामगाराचं नाव, सही किंवा अंगठा. हे कागद मुख्य ठेकेदाराच्या सुरक्षा विभागाच्या फायलीत असतात, पोटठेकेदाराच्या हातात नसतात. सात-आठ महिन्यांतल्या पन्नास कागदांवर मयताची सही निघाली तर 'पहिलाच दिवस' तिथेच संपतो.

दुसरा, उंचीवरच्या कामाचा परवाना. वर्क परमिट म्हणतात तो. साधारण एका पाळीपुरता असतो. काम कुठे, किती उंचीवर, कोणती टोळी, लाइफलाइन (आधाराचा दोर) बांधली का, हार्नेस (अंगावरचा सुरक्षा पट्टा) तपासला का, आणि देणाऱ्या-घेणाऱ्याच्या सह्या. अपघाताच्या दिवसाचा परवाना आणि त्याआधीच्या महिन्याचे परवाने मागा. कार्बन प्रत पुस्तकातच राहते, म्हणून 'परवाना पुस्तक, स्थळप्रतीसह' असं लिहा. नुसतं 'परवाना' लिहिलंत तर एकच सुटा कागद येईल.

तिसरा, गेटवरची नोंद. सुरक्षा एजन्सीचं कामगार आवक-जावक रजिस्टर, नाहीतर बायोमेट्रिक किंवा फेस मशीनचा लॉग. एजन्सी वेगळी असेल तर समन्स तिलाच काढावं लागेल.

चौथा, साइटवर पहिल्यांदा घेताना भरलेला इंडक्शन फॉर्म. त्यासोबत आधारची झेरॉक्स, कधी वैद्यकीय तपासणीचा दाखला असतो. त्यावरची तारीख म्हणजे नेमणुकीची सगळ्यात जवळची तारीख.

पाचवा, सुरक्षा साहित्य वाटपाची वही. हेल्मेट, बूट, हार्नेस कोणाला कधी दिला.

सहावा, पोटठेकेदाराने मुख्य ठेकेदाराला दिलेली चालू बिलं, म्हणजे आरए बिलं, आणि सोबतची मोजमापं. काही ठिकाणी बिल पास करताना कामगारांची हजेरी आणि पगार दिल्याचा पुरावा जोडावा लागतो. ती जोडपत्रं नावानिशी मागा.

भोसरीकर
टूलबॉक्सचे कागद मागायचं खरंच सुचलं नव्हतं. पण ते आहेतच हे दाखवायचं कसं? समोरचा म्हणेल, असं काही ठेवतच नाही.

निशाणी
कळीचा प्रश्न हाच आहे. कागद अस्तित्वात आहे आणि त्या माणसाच्या ताब्यात आहे एवढं प्रथमदर्शनी दाखवलंत तरच आदेशाला वजन येतं आणि पुढे प्रतिकूल अनुमानाला (कागद दडवला म्हणजे तो त्याच्या विरुद्धच असणार असं धरण्याला) जागा होते. दाखवण्याचे मार्ग:

कायद्यानेच ठेवायचा असेल तर तो कायदा सांगा. अपघाताच्या वेळी लागू असलेल्या कंत्राटी कामगार कायदा १९७० आणि इमारत व इतर बांधकाम कामगार कायदा १९९६ खाली हजेरी आणि वेतनाच्या नोंदी ठेवाव्याच लागत होत्या. 'ठेवत नाही' म्हणणं म्हणजे कायदाभंग कबूल करणं.

कायद्याचा नसून करारातला असेल तर कार्यादेश आधी मागवा. मुख्य ठेकेदार आणि पोटठेकेदार यांच्यातल्या वर्क ऑर्डरमध्ये सुरक्षेच्या अटींचं जोडपत्र असतं. टूलबॉक्स टॉक, परमिट, विमा, सगळं त्यात लिहिलेलं सापडतं. म्हणून अर्ज दोन टप्प्यांत द्या. आधी वर्क ऑर्डर, ती आली की तिच्यातल्या अटी दाखवून बाकीचे कागद. एकाच अर्जात चाळीस बाबी टाकल्या की आदेश हमखास अर्धवट होतो.

तिसरा मार्ग पोलिसांचे कागद. घटनास्थळ पंचनाम्यात आणि जबाबांत सुपरवायझरच्या तोंडून 'सकाळी सूचना देऊन कामाला लावले' असं वाक्य अनेकदा असतं. ते वाक्य अर्जात जसंच्या तसं उतरवा.

कोथरूड_१९
मी मालकपक्षाकडून काम पाहतो, म्हणून दुसरी बाजू. इथल्या सल्ल्याने अर्ज आला तर आमच्याकडून पुढचे आक्षेप येतील, त्यांची तयारी ठेवा.

एक, फिशिंग इन्क्वायरी, म्हणजे काही सापडतं का पाहायला केलेली सरसकट मागणी. 'गेल्या पाच वर्षांचे सर्व रजिस्टर' मागितलंत तर हा आक्षेप बरोबर ठरतो. कालावधी जुलै २०२४ ते फेब्रुवारी २०२५ एवढाच ठेवा, साइटचं नाव लिहा, टोळी किंवा ठेकेदार लिहा.

दोन, संबंध काय? ही भरपाई चुकीवर अवलंबून नाही. कामातून आणि कामाच्या ओघात अपघात झाला की मालकाची जबाबदारी येते. तरी अर्जदारांचे वकील निष्काळजीपणा सिद्ध करायला क्रेनची तपासणी प्रमाणपत्रं, सुरक्षा ऑडिट, मागच्या अपघातांच्या फायली मागत बसतात. त्याने निकालाला काहीच हातभार लागत नाही, तारखा मात्र जातात. कलम ३(१)(ब) मधला नशा किंवा हेतुपुरस्सर सुरक्षा नियम मोडल्याचा बचावही मृत्यू आणि कायमच्या संपूर्ण अपंगत्वाच्या प्रकरणात चालत नाही. या प्रकरणात वादाचे मुद्दे दोनच दिसतात: नोकरीचं नातं आणि पगार. प्रत्येक कागदासमोर तो यापैकी कोणत्या मुद्द्यासाठी हवा ते लिहा. ज्याच्यासमोर लिहिता येत नाही तो वगळा.

तीन, गोपनीयता. रजिस्टरमध्ये इतर कामगारांचे आधार आणि बँक खाते क्रमांक असतात. अर्जातच 'इतर कामगारांचे क्रमांक झाकून प्रत द्यावी, अस्सल आयुक्तांना दाखवावी' असं लिहिलंत तर आक्षेपात दम राहत नाही.

चार, अंतर्गत चौकशी अहवाल. वकिलाशी झालेल्या पत्रव्यवहाराला कायद्याचं संरक्षण आहे. अपघातानंतर सुरक्षा विभागाने नेहमीच्या पद्धतीने केलेल्या अहवालावर तोच शिक्का मारायचा प्रयत्न होतो. तो कोणी, कोणासाठी आणि कधी केला, यावर ते ठरेल.

आणि एक सापळा, जो अर्जदारांच्या लक्षात येत नाही. नोटीस देऊन मागितलेला कागद समोरच्याने हजर केला, तुम्ही तो पाहिला, आणि त्याने आग्रह धरला, तर तो तुमच्या बाजूचा पुरावा म्हणून द्यायला तुम्ही बांधील होता. जुन्या पुरावा कायद्याचं कलम १६३, आता भारतीय साक्ष्य अधिनियमाचं १६६. आयुक्तांपुढे पुरावा कायदा काटेकोर लावत नाहीत, तरी कागदात काय असेल याचा अंदाज न घेता मागवू नका.

निशाणी
कोथरूड_१९ यांचा दुसरा मुद्दा अर्जदारांच्या वकिलांनी भिंतीवर लावावा असा आहे. सापळ्याला जोड: पुढचंच कलम उलट दिशेने चालतं. नोटीस देऊनही जो कागद दिला नाही, तो नकार देणाऱ्याला नंतर समोरच्याची संमती किंवा न्यायालयाचा आदेश असल्याशिवाय स्वतःच्या पुराव्यात वापरता येत नाही (जुनं १६४, आता १६७). म्हणून नकार तोंडी राहू देऊ नका. 'हे कागद आमच्याकडे नाहीत' हे जाबदाराने शपथपत्रावर किंवा निदान लेखी म्हणण्यात सांगावं असा आदेश मागा आणि रोजनाम्यात (न्यायालयाच्या त्या तारखेच्या नोंदीत) नोंद आली का ते त्याच दिवशी पाहा.

पॉलिसीवाचक
विमा कंपनी पक्षकार आहे, तिच्याकडून काय घ्यायचं याकडे कोणाचं लक्ष गेलेलं नाही.

कामगार भरपाईची पॉलिसी घेताना मालक प्रस्ताव अर्ज भरतो. त्यात कामगारांची वर्गवारी, संख्या आणि वर्षाचा अंदाजे एकूण पगार जाहीर करावा लागतो, हप्ता त्यावरच ठरतो. म्हणजे जाबदाराने वादाच्या आधी, पैशाच्या व्यवहारात, स्वतः दिलेलं निवेदन. 'फॅब्रिकेशन टोळी, १२ कामगार, वार्षिक पगार इतका' असं लिहिलं असेल तर आधी १२ कामगारांनी आणि मग १२ महिन्यांनी भागा, कैफियतीतले ९,००० टिकतात का ते दिसेल. उलट पगार कमी जाहीर केला असेल तर कंपनी आपली जबाबदारी कमी करायला तोच कागद वापरेल, त्याचीही तयारी हवी.

मागायच्या गोष्टी: पॉलिसीची पूर्ण प्रत, शेड्यूल आणि सगळ्या एंडॉर्समेंटसह (पॉलिसीला जोडलेल्या पुरवण्यांसह), प्रस्ताव अर्ज, पगाराचं डिक्लरेशन, दाव्याची सूचना देणारं मालकाचं पहिलं पत्र, सर्व्हेअर किंवा तपासनीसाचा अहवाल. पहिल्या पत्राकडे खास लक्ष द्या. अपघातानंतर दोन-चार दिवसांत विम्याचे पैसे मिळावेत म्हणून मालकाने 'आमचा कामगार' असं लिहिलेलं असतं. पुढे कैफियत बदलली तरी ते पत्र कंपनीच्या फायलीत राहतं.

पोटठेकेदाराची पॉलिसी नसेल तर मुख्य ठेकेदाराची पाहा. कलम १२ खाली मुख्य ठेकेदारावर जबाबदारी येते, आणि त्याच्या पॉलिसीत ठेकेदारांच्या कामगारांना जोडणारी एंडॉर्समेंट असू शकते.

टाइमऑफिस
ईएसआयचा (कर्मचारी राज्य विमा योजनेचा) प्रश्न आधी सोडवा. मुख्य ठेकेदाराची आस्थापना ईएसआयखाली येत असेल आणि मयत २१,००० च्या वेतनमर्यादेत बसत असेल, तर ईएसआय कायद्याच्या कलम ५३ मुळे (विमाधारकाला १९२३ च्या कायद्याखाली भरपाई मागता येत नाही) हा दावाच चालणार नाही असा आक्षेप शेवटी येऊ शकतो. नाव नोंदवलेलं नव्हतं एवढ्याने तो आक्षेप जात नाही. भारगथ इंजिनिअरिंग (२००३) मध्ये नोंदणी मृत्यूनंतर झाली तरी कामगार विमाधारकच धरला गेला. दोन्ही जाबदारांचे ईएसआय कोड, ते लागू झाल्याची तारीख आणि त्या साइटचा समावेश एवढंच पहिल्या अर्जात मागा. ईएसआय लागू निघालं तर अवलंबितांना मिळणारा लाभ सरासरी रोजच्या वेतनाच्या ९० टक्के, दरमहा. कधी कधी तो मार्ग घराला जास्त सोयीचा पडतो.

भोसरीकर
ईएसआयचं दोन्हीकडे तपासतो. नमुना अर्ज कोणी देईल का?

निशाणी
ढाचा देतो, तपशील प्रकरणानुसार बदला.

मे. आयुक्त, कर्मचारी नुकसानभरपाई, तथा कामगार न्यायालय, पुणे यांचे समोर
अर्ज क्रमांक ___ / २०२५
अर्जदारांतर्फे कलम २३, सह नियम ४१ (१९२४ चे नियम), सह दि.प्र.सं. आदेश १६ नियम ६, २० व २१ अन्वये अर्ज

१. निशाणी ___ चा पूर्वीचा अर्ज मोघम असल्याच्या कारणावरून दि. ___ रोजी नामंजूर झाला. प्रस्तुत अर्जात प्रत्येक दस्तऐवज, कालावधी व ताबा नमूद केला आहे.
२. जाबदार १ यांनी कैफियतीच्या परिच्छेद ___ मध्ये मयत 'त्याच दिवशी प्रथम' कामावर आल्याचे म्हटले आहे. जाबदार २ यांनी नाते नाकारले आहे. त्यामुळे नोकरी व वेतन हे दोन मुद्दे वादग्रस्त आहेत.
३. खालील दस्तऐवज जाबदार २ यांचे ताब्यात आहेत: (अ) जाबदार १ यांना दिलेला कार्यादेश, सर्व जोडपत्रांसह. मुद्दा: नोकरी, कलम १२. (ब) १ जुलै २०२४ ते अपघाताच्या तारखेपर्यंतचे, सदर साइटचे, जाबदार १ यांच्या टोळीचे टूलबॉक्स टॉक पत्रक. मुद्दा: नोकरी. अस्तित्वाचा आधार: घटनास्थळ पंचनामा, पान ___.
४. सदर दस्तऐवज अर्जदारांना अन्य मार्गाने मिळण्याजोगे नाहीत.
५. विनंती: दस्तऐवज अस्सल, ___ दिवसांत हजर करण्याचा आदेश व्हावा, ताब्यात नसल्यास ते शेवटी कोणाकडे होते याचे शपथपत्र द्यावे, इतर कामगारांची वैयक्तिक माहिती झाकण्यास हरकत नाही.

पाचव्यातलं 'शेवटी कोणाकडे होते' सोडू नका. 'नाहीत' एवढ्या उत्तरावर प्रकरण थांबतं. 'सुरक्षा एजन्सीला दिले' असं उत्तर आलं की पुढचं समन्स कोणाला काढायचं ते कळतं.

रेवा_औंध
सीसीटीव्हीचं काय? आणि हॉस्पिटलचे कागद?

नोंदणीकक्ष
हॉस्पिटलचं सांगते. आंतररुग्णाचे कागद उपचार सुरू झाल्यापासून किमान तीन वर्षं ठेवणं आणि रुग्णाने, अधिकृत प्रतिनिधीने किंवा कायदेशीर यंत्रणेने मागितल्यावर ७२ तासांत देणं हे २००२ च्या वैद्यकीय व्यावसायिक आचार विनियमांत आहे. त्यामुळे समन्सआधी वारसाच्या सहीने लेखी मागणी द्या आणि पोच घ्या. केसपेपर, एमएलसी (मेडिको-लीगल) नोंद, ओटी नोट्स (शस्त्रक्रियेच्या नोंदी), संदर्भ चिठ्ठी असं वेगवेगळं लिहा. 'सर्व मेडिकल पेपर' म्हटलं की डिस्चार्ज कार्डाची झेरॉक्स हातात पडते.

आधी एका खासगी रुग्णालयात नेलं आणि मग ससून किंवा वायसीएम रुग्णालयात हलवलं, असं असेल तर पहिल्या ठिकाणची नोंद जास्त मोलाची. कोणी आणलं आणि काय सांगितलं, हे तिथेच लिहिलेलं असतं. 'सोबत सुपरवायझर, साइटवर काम करताना पडला' ही ओळ नोकरीच्या मुद्द्यावर उपयोगी पडते. शवविच्छेदन अहवालात ती मिळेलच असं नाही.

टाइमऑफिस
सीसीटीव्ही: डीव्हीआरची (चित्रण साठवणाऱ्या यंत्राची) जागा भरली की जुनं चित्रण आपोआप पुसलं जातं. बऱ्याच साइटवर १५ ते ३० दिवसांतच. म्हणून ही मागणी अर्जापर्यंत थांबवायची नसते. अपघात झाल्या-झाल्या मालकाला आणि पोलिसांना 'चित्रण जपून ठेवा' अशी तारीख-वेळ आणि कॅमेऱ्याच्या जागेसह लेखी नोटीस, स्पीड पोस्टाने आणि ईमेलने. नंतर चित्रण मिळालं नाही तरी नोटीस मिळूनही पुसू दिलं हे रेकॉर्डवर राहतं.

मिळालं तर १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं, भाग अ आणि भाग ब, हॅश व्हॅल्यूसह (फाइल बदललेली नाही हे दाखवणारा संकेतांक). यंत्र समोरच्याच्या ताब्यात असेल आणि तो प्रमाणपत्र देत नसेल तर ते देण्याचा आदेश मागता येतो. अर्जुन पंडितराव खोतकर (२०२०) निकालात हे स्पष्ट आहे. मुकादमाच्या यूपीआय नोंदींसाठी फोनचे स्क्रीनशॉट न देता मयताच्या बँकेकडून प्रमाणित खातेउतारा घ्या.

भोसरीकर
पोलिसांचे कागद तालुक्याच्या न्यायालयात आहेत, ते कसे आणायचे?

निशाणी
प्रमाणित नकला मिळत असतील तर त्याच घ्या, वेळ वाचतो. नाहीतर आदेश १३ नियम १०, नियम ४१ च्या यादीत आहे. दुसऱ्या न्यायालयाचं रेकॉर्ड मागवता येतं, पण सोबत शपथपत्र लागतं: रेकॉर्ड या दाव्यात का महत्त्वाचं, आणि नक्कल अवाजवी विलंब किंवा खर्चाशिवाय का मिळत नाही. शपथपत्र नसलं की अर्ज पडून राहतो.

सरकारी कार्यालयांची एक सोपी वाट. कलम १०ब प्रमाणे, ज्या अपघाताची सूचना इतर कायद्याखाली द्यावी लागते त्यात मृत्यू झाला तर मालकाने सात दिवसांत आयुक्तांकडे अहवाल पाठवायचा असतो. तो आला का, हे आयुक्तांच्या कार्यालयातच कळतं. शिवाय कलम १०अ: मृत्यूची माहिती कुठूनही मिळाली तरी आयुक्त मालकाला रजिस्टर पोस्टाने नोटीस काढून ३० दिवसांत निवेदन मागू शकतात. वारसांनी साधं पत्र दिलं तरी हे सुरू होऊ शकतं, आणि दाव्याआधीच मालकाची पहिली लेखी भूमिका हाती येते. अहवाल किंवा निवेदन न दिल्यास कलम १८अ खाली किमान ५०,००० ते १ लाख रुपये दंड, मात्र खटल्याला आयुक्तांची पूर्वमंजुरी लागते आणि तक्रार आयुक्तांना कळल्यापासून सहा महिन्यांत व्हावी लागते.

औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय किंवा कामगार विभागाचा चौकशी अहवाल माहिती अधिकारातही मागता येतो. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांत बसवावा लागतो, तेवढं पाळा.

भोसरीकर
आणि आदेश होऊनही कागद आलेच नाहीत तर?

निशाणी
क्रमाने चला, उड्या मारू नका.

समन्स बजावल्याचा अहवाल आधी रेकॉर्डवर आणा. कंपनीला समन्स काढताना नुसतं नाव नको. 'प्रकल्प व्यवस्थापक, अमुक साइट' असं पद आणि पत्ता लिहा, नाहीतर बेलिफाचा शेरा 'संबंधित व्यक्ती मिळून आली नाही' असा येतो आणि दोन महिने जातात. समन्सचा खर्च आणि भत्ता वेळेत भरा.

बजावणी होऊनही हजर झाले नाहीत तर आदेश १६ नियम १० खाली जाहीरनामा, वॉरंट, जप्ती; नियम १२ खाली ५०० रुपयांपर्यंत दंड. दंडाची रक्कम किरकोळ आहे, वॉरंटचा परिणाम होतो. सुरक्षा एजन्सी, बँक अशा त्रयस्थांसाठी हाच मार्ग. न्यायालयापुढे हजर करायला बांधील असलेला दस्तऐवज जाणूनबुजून न देणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २१० खाली गुन्हाही आहे.

पक्षकारासाठी नियम २० आणि प्रतिकूल अनुमान. गोपाळ कृष्णाजी केतकर विरुद्ध महंमद हाजी लतीफ (१९६८) मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलंय की सिद्धतेचा भार आपल्यावर नसला तरी हातातला उत्तम पुरावा दडवणाऱ्याविरुद्ध अनुमान काढता येतं. पण आर. एम. येलट्टी (२००५) सुद्धा वाचा. नुसते हजेरीपट दिले नाहीत म्हणून आपोआप अनुमान निघत नाही. कामगाराने आधी स्वतः शपथेवर सांगायला हवं आणि कागद मागायला हवेत. म्हणून पत्नीच्या सरतपासणीच्या शपथपत्रात कामाचा कालावधी, मुकादम, पगार मिळण्याची पद्धत आणि खात्यातल्या जमा रकमा तारखांसह याव्यात. तिथे मोकळी जागा सोडली तर दडवलेला कागदही ती भरून काढणार नाही.

कोथरूड_१९
पगाराच्या कागदांसाठी एवढं झगडायचं का, असं कोणाला वाटत असेल तर हिशोब करून पाहा. वय ३०, त्या वयासाठी कायद्यात दिलेला गुणक २०७.९८; मृत्यूच्या दाव्यात निम्म्या पगाराला तो लावायचा. पगार ९,००० धरला तर निम्मा ४,५०० गुणिले २०७.९८, म्हणजे ९,३५,९१०. कायद्यातली कमाल मर्यादा १५,००० (३ जानेवारी २०२० पासून) धरली तर ७,५०० गुणिले २०७.९८, म्हणजे १५,५९,८५०. फरक ६,२३,९४० रुपयांचा, वर थकबाकीवर १२ टक्के व्याज वेगळं. मयताला १७ मिळत होते की १८, यावर वेळ घालवू नका. १५,००० च्या पुढे सिद्ध झालेला रुपया भरपाईत धरला जात नाही. महिन्याला १५,००० जमा होत होते किंवा दिले जात होते एवढं दाखवणारे कागद पुरेत.

निशाणी
बरोबर. आणि कागद हजर झाला म्हणजे सिद्ध झाला असं नाही. यादीने दाखल झाल्यावर समोरच्याने तो कबूल केला का ते विचारा, नसेल तर तो लिहिणाऱ्या किंवा सांभाळणाऱ्या सुपरवायझरला साक्षीला बोलावून निशाणी पाडून घ्या. टूलबॉक्सच्या पत्रकांसाठी सुरक्षा अधिकारीच बोलवा, उलटतपासणीत परवाना पुस्तकही त्याच्याकडूनच ओळखून घेता येईल.